टेबलावरचं डहाणू रोड

शांताराम सावे यांना चुकायची सवयच नव्हती. अडतीस वर्षं रेल्वेत सिग्नल मिस्त्री होते, त्यातली बावीस एकट्या डहाणू रोडला, आणि सत्याऐंशी साली निवृत्त झाले तेही छाती पुढे काढून. घरातलं घड्याळ आणि त्यांच्या मनगटावरचं घड्याळ यांत दोन मिनिटांचा फरक दिसला की ते भिंतीकडे बघून शिव्या घालायचे, मनगटाकडे बघून कधी नाही. त्यांची बायको सुनंदा सगळ्यांना सांगायची, "ह्यांच्या जगात दोनच प्रकार. एक बरोबर, आणि दुसरं साहेबांचं."

त्यामुळे पुढच्या साली निलम दुसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा चूक कोणाची हे ठरवायला त्यांना चहा निवेपर्यंतही वेळ लागला नाही. चूक अर्थातच साहेबांची.

निलम म्हणजे कैनाडच्या तुक्या वरठाची मुलगी. तुक्या डहाणू रोडला पॉइंट्समन होता, रुळांचे सांधे बदलणारा, सावे मिस्त्रींचा अगदी जिगरी जोडीदार. तो काविळीने गेला आणि बारावी झालेल्या निलमला बापाच्या जागी रेल्वेने कामावर घेतलं, ते पाणीवाली म्हणून. प्लॅटफॉर्मवरची मडकी भरायची, वेटिंग रूम झाडायची. पण पोरगी अशी चिवट की बोलायची सोय नाही. खात्यातल्या खात्यात असिस्टंट स्टेशन मास्तर व्हायची परीक्षा असते हे तिला कुठूनसं कळलं, आणि तिने स्वतः अर्ज करून बसायची परवानगी मिळवली. लेखी पेपरात दोन्ही खेपेला वरचे मार्क. तोंडी परीक्षेत दोन्ही खेपेला आडवी. आता तिसरी संधी राहिली होती आणि ती शेवटची. ती हुकली की जन्मभर मडकी.

"काय विचारलं साहेबांनी? शब्दन् शब्द सांग," सावे मिस्त्री म्हणाले.

"साहेब तसे चांगले होते काका. घाटावरचे. म्हणाले, घाबरू नकोस, आपण मराठीतच बोलू. पहिले चार प्रश्न बरोबर आले. मग म्हणाले, समज, होम सिग्नल पडलाय आणि गाडी बाहेर येऊन उभी आहे. काय करशील? मी म्हटलं, गाडी सरळ आत घेईन."

"बरोब्बर!"

"त्यांनी परत विचारलं, सिग्नल पडलाय हं, नीट ऐक. मी म्हटलं, हो साहेब, पडलाय म्हणूनच घेईन. तर त्यांनी मानच हलवली. म्हणाले, ये तू. पहिल्या खेपेलाही हेच साहेब आणि हाच प्रश्न होता."

आता बाहेरच्या माणसाला हे सांगायला हवं. आमच्याकडे सिग्नल पडतो म्हणजे मोडून पडत नाही. पूर्वीचे सिग्नल लोखंडी खांबाचे, वर लाल पट्टीचा हात. हात आडवा असला की गाडीला बंदी. केबिनमधून दांडा ओढला की तो हात खाली पडायचा आणि गाडीचा रस्ता मोकळा. होम म्हणजे स्टेशनात शिरायच्या आधीचा सिग्नल. तो पडला की गाडी आत. पुढे विजेची लाईन आली, हात गेले, लाल-हिरवे दिवे आले. पण कैनाडपासून पार वेवजीपर्यंत माणसं अजून तेच म्हणतात, "सिग्नल पडला, पळ!" म्हणतात आणि धोतर सावरत पळतात.

निलमने पहिल्या खेपेनंतर एकदा भीतभीतच विचारलं होतं, "काका, साहेबांच्या मनात 'पडला'चा दुसराच काही अर्थ असेल का?" त्यावर सावे मिस्त्री असे उसळले होते, की समोरची बशी हलली होती. "दुसरा अर्थ? अडतीस वर्षं मी सिग्नल पाडलेत! मला अर्थ शिकवतेस?" तेव्हापासून तिने तो विषय काढला नव्हता. आजही काढला नाही.

"तुझं उत्तर बरोबर आहे," मिस्त्रींनी निकाल दिला. "पण तू पाठ केलेलं बोलतेस. हाताचा सिग्नल तू जन्मात वापरून बघितलेला नाहीस, म्हणून साहेबाला वाटतं, हिला काही कळत नाही. तुझ्या डोळ्यांपुढे अख्खं स्टेशन उभं राहिलं पाहिजे. बघच मी काय करतो."

आणि ते तडक रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे रेल्वेवाल्यांच्या क्लबात, गेले.

इन्स्टिट्यूटच्या मागच्या खोलीत एक टेबल होतं, बारा फूट लांब, चार फूट रुंद. त्याच्यावर डहाणू रोड स्टेशन. पासष्ट-सहासष्ट साली तेव्हाचे स्टेशन मास्तर आणि सावे मिस्त्री यांनी मिळून ते नव्या माणसांना शिकवण्यासाठी बनवलं होतं. पितळी पट्टीचे रूळ, दोन प्लॅटफॉर्म, मालधक्का, केबिन, टिनच्या हातांचे चौदा सिग्नल. दिव्यांचे सिग्नल आले तसं त्याला कोणी विचारेनासं झालं. आता त्याच्यावर कॅरमचे बोर्ड रचलेले, पूर्वेकडच्या बाजूला वाळवी, मालधक्क्यात उंदरांचा संसार, आणि चौदापैकी अकरा सिग्नलांचे हात बेपत्ता.

इन्स्टिट्यूटचा सेक्रेटरी होता यतीन, मिस्त्रींच्याच जागेवर आलेला नवा सिग्नलवाला. भुसावळचा, तिशीही न गाठलेला, दिव्यांच्या सिग्नलवरच शिकलेला. तो म्हणाला, "काका, हे तर भंगारात काढायचं ठरलंय."

"तुलाच भंगारात काढीन! किल्ली आण."

जानेवारीत काम सुरू झालं. आधी कुजलेला प्लायवूड कापून टाकला आणि सागाच्या फळ्या बसवल्या. त्यासाठी बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात रोजची फेरी. दुकानदार शेठ चिडवायचा, "सावेभाई, आ शुं रमकडुं बनाववा बेठा?" मिस्त्री तिथल्या तिथे उत्तर द्यायचे, "खेळणं नाही शेठ, स्टेशन आहे. तुझ्या दुकानापेक्षा जास्त चालेल." पितळी रूळ चिंच लावून घासले, ते पिवळेधमक निघाले. रुळांखालचे आडवे स्लीपर बांबूच्या कामट्यांचे; एकेक कामटी तासून, काळ्या रंगात बुडवून, एका मापात चिकटवायची. असे नऊशे चाळीस. सिग्नलांचे हात डालड्याच्या डब्यातून कापले. केबिनमधले दांडे करवतीच्या पात्यांचे, आणि दांड्यापासून सिग्नलापर्यंत ओढायला कोळ्यांकडून आणलेली तंगूस, म्हणजे जाळ्याची ती नायलॉनची दोरी. दांडा ओढला की आठ फुटांवरचा टिनचा हात टक्कन खाली. पहिला हात असा पडला तेव्हा मिस्त्रींनी एकट्यानेच टाळी वाजवली.

रुळांखाली खडी हवी होती. खऱ्या लाईनीवरची खडी कुटून त्यांनी घरच्या चाळणीने चाळली.

"अहो! ती माझी रव्याची चाळणी!" सुनंदा ओरडली.

"रवा काय, वर्षातून चारदा. खडी एकदाच."

"मग शिराही आता खडीचाच खा."

पण चाळणी गेल्यावर ती बघायला म्हणून आली आणि आल्या आल्या कपाळावर हात मारून घेतला. नवऱ्याने रूळ, सिग्नल, दांडे हुबेहूब केले होते. बाकी स्टेशनात माणूस म्हणून नव्हता. झाडं म्हणून त्याने हिरवे रंगवलेले खिळे ठोकले होते.

"हे डहाणू रोड आहे की स्मशान?" ती म्हणाली आणि पदर खोचून बसली. वाळलेल्या घोसाळ्यांची जाळी हिरव्या रंगात बुडवून तिने चिकूच्या बागा उठवल्या. चहाचा चोथा वाळवून माती केली. चिकूच्या करंड्या केरसुणीच्या काड्यांच्या, आणि करंड्यांत चिकू म्हणून मोहरी. निलमची आई बारकी आयुष्यभर मालधक्क्यावर गवताचे गठ्ठे उचलत आलेली. ती एका रविवारी कैनाडहून आली, मिस्त्रींनी रचलेले गठ्ठे बघून हसली आणि म्हणाली, "असं नाय लावत, दादा. उभे लावले तं पयल्या धक्क्यात वॅगनीतून खाली." तिने बसल्या बसल्या दीडशे गठ्ठे दोऱ्याने बांधले आणि आडवे रचून दिले. सुनंदाने प्लॅटफॉर्मच्या टोकाला एक कुत्रा निजवला. मिस्त्री म्हणाले, कुत्रा नियमात बसत नाही. ती म्हणाली, "तो नियमात नाही, उन्हात बसलाय."

आणि रोज दुपारी ड्युटी संपली की निलम यायची. मिस्त्री खुर्चीत बसून हुकूम सोडायचे, "होम पाड! मालगाडी बाजूच्या लूपला घे! गाडी सोडायचा स्टार्टर पाड!" ती दांडे ओढायची, लाकडी डब्यांची गाडी हाताने आत आणायची, चुकली की परत मागे. महिन्याभरात तिचा हात असा बसला की दांड्याकडे न बघता ओढायची. मिस्त्रींचा ऊर भरून यायचा. त्यांनी त्याच जोरावर वरच्या ऑफिसला अर्ज ठोकून दिला: डहाणू रोडला शिकवण्याचं टेबल पूर्ववत चालू झालं असून या बाजूच्या उमेदवारांची तोंडी परीक्षा येथेच घ्यावी, म्हणजे कोणाला काय येतं ते डोळ्यांनी दिसेल. आणि आश्चर्य म्हणजे वरून होकार आला. तारीख सतरा एप्रिल. परीक्षक तेच साहेब.

"येऊ दे," मिस्त्री म्हणाले. "आता कसा नापास करतो बघू."

परीक्षेला दहा दिवस उरले होते. यतीनने आपण होऊन सिग्नलांच्या मागे तांदळाएवढे बल्ब बसवायला घेतले होते. हात आडवा असला की लाल काच उजळेल आणि खाली आला की हिरवी. दुपारची वेळ होती. यतीन टेबलाच्या त्या टोकाला वायरींत डोकं घालून बसलेला, मिस्त्री या टोकाला केबिनपाशी.

यतीन वर न बघताच म्हणाला, "काका, होम पडला."

"पडला ना? घे मग गाडी आत."

"गाडी?" यतीनने डोकं वर काढलं. "काका, मी म्हणतोय सिग्नल पडलाय."

"हो रे बाबा, पडलाय म्हणूनच तर..."

मिस्त्री बोलता बोलता थांबले. हे बोलणं त्यांनी आधी ऐकलेलं होतं. हेच शब्द, ह्याच क्रमाने. त्यांनी होम सिग्नलाकडे पाहिलं. हात आडवाच्या आडवा होता, आणि त्याच्या मागचा बल्ब विझलेला होता.

"यतीन," ते हळू म्हणाले, "पडला म्हणजे काय?"

"पडला म्हणजे पडला. बंद पडला. बल्ब गेला, वायर तुटली, काहीही. आमच्यात रोजचाच शब्द आहे, अमका सिग्नल पडला, जाऊन बघा." यतीन हसायला लागला. "आणि तुम्ही म्हणताय गाडी आत घे! सिग्नल पडल्यावर गाडी आत घेतली तर माझी नोकरी जाईल, काका. बंद सिग्नल म्हणजे बंदी, एवढं तर शाळेतलं पोरही..."

मिस्त्री खाली बसले. लेखी पेपरात 'सिग्नल फेल झाल्यास' असं छापलेलं असायचं, तिथे पोरगी सगळं बरोबर लिहून यायची. साहेबाने तिला धीर यावा म्हणून मराठीत विचारलं आणि नेमका तिथेच घात झाला. साहेब विचारत होता, सिग्नल बिघडलाय, काय करशील? आणि ती ठासून सांगत होती, गाडी सरळ आत घालीन. कुठला साहेब पास करेल? त्यांनी स्वतः केलं नसतं. आणि तिने विचारलं होतं! दुसरा अर्थ असेल का, असं त्या पोरीने तोंड उघडून विचारलं होतं, आणि त्यांनी तिचं तोंड बंद केलं होतं. शिवाय गेले तीन महिने रोज दुपारी तोच शब्द तिच्या कानांत ओतत होते. पाड, पाड, पाड.

घरी आले ते जेवलेच नाहीत. सुनंदाने दोनदा हाका मारल्या, तिसऱ्यांदा ताट झाकून समोर येऊन बसली. त्यांनी सगळं सांगितलं.

"पोरीला साहेबाने नाही, मी नापास केलं," ते म्हणाले.

"मग तिला सांगा तसं."

"सांगतो ना. सांगतो, की साहेबांची भाषा वेगळी असते, साहेबाने पडला म्हटलं तर बंद पडला असं धर..."

"म्हणजे परत चूक साहेबाचीच?" सुनंदाने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांना मान खाली घालावी लागली.

"अगं, दहा दिवस राहिलेत. माझाच शब्द चुकला असं कळलं तर मी शिकवलेल्या बाकीच्या गोष्टींवर तरी तिचा विश्वास राहील का?"

"नाही राहिला तर नाही राहिला. उरलेलं ती पारखून घेईल. हुशार आहे ती. पण तिने विचारलं होतं तेव्हा तुम्ही ओरडला होतात, आणि मी इथेच पोळ्या लाटत होते. मीही काही बोलले नाही. उद्या सकाळी जा, आणि गोल गोल बोलू नका."

सकाळी निलम दोन नंबर प्लॅटफॉर्मवर मडकी भरत होती. मिस्त्री तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं. गोल गोल बोलले नाहीत. यतीन काय म्हणाला, साहेबांच्या प्रश्नाचा अर्थ काय होता, चूक कोणाची होती, सगळं.

निलमने बादली खाली ठेवली.

"मी पहिल्या खेपेलाच विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतंस."

"तुम्ही ओरडलात."

"ओरडलो."

"माझं वर्ष गेलं, काका. आई अजून गठ्ठे उचलते. मला वाटायचं मलाच बोलता येत नाही, साहेबांपुढे माझं तोंडच वाईट. रात्र रात्र मी तेच उत्तर आठवत बसायची, आणि ते उत्तर..." तिचे डोळे भरले, पण ती रडली नाही. संतापली होती. "तुम्हाला एकदा नुसतं यतीनदादांना विचारता आलं नाही?"

अडतीस वर्षांत साहेबापुढे जी मान खाली गेली नाही, ती त्या मडक्यांपाशी गेली. "चुकलो मी, निलम," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी याआधी कधी म्हटलं होतं का, हे त्यांना आठवेना.

ती दुसरं मडकं भरायला गेली.

तीन दिवस ती टेबलापाशी फिरकली नाही. मिस्त्री रोज दुपारी जाऊन बसत. हाताला काम म्हणून प्लॅटफॉर्मच्या कडेला पांढरा पट्टा ओढत, परत पुसत, परत ओढत. सुनंदा म्हणायची, येईल. त्या म्हणण्याने त्यांना काही बरं वाटत नसे. पोरगी परीक्षेलाच बसली नाही तर काय, हा विचार त्यांना सोडत नसे.

चौथ्या दिवशी ती आली. हातात वही. खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, "असे अजून किती शब्द आहेत, काका?"

"कसले?"

"ज्यांचे दोन अर्थ होतात. मी सतरा काढलेत. ऐका. 'गाडी लागली.' तुम्ही म्हणता तेव्हा गाडी प्लॅटफॉर्मला आली. माझी आई म्हणते तेव्हा तिला उलटी होणार. 'गाडी सुटली.' स्टेशन मास्तर म्हणाला तर वेळेवर निघाली, पॅसेंजर म्हणाला तर चुकली. 'लाईन मिळाली.' फोनची की रुळाची? आता तुम्ही सांगा, आणि यतीनदादांनाही बोलवा. एकेक शब्द दोघांनी वेगवेगळा सांगायचा."

मिस्त्रींनी गडगडून हाक मारली, "यतीन! सगळं टाक आणि इकडे ये!"

पुढचे सहा दिवस त्या खोलीत जो गोंधळ चालला तो विचारू नका. यतीन आणि मिस्त्री एकाच शब्दावरून हमरीतुमरीवर यायचे, सुनंदा चहा घेऊन येऊन तिसराच अर्थ सांगून जायची, आणि निलम शांतपणे लिहून घ्यायची. सतराचे एकतीस शब्द झाले. मधेच ती वही बाजूला ठेवून टेबलापाशी उभी राहायची आणि तिघांनाही गप्प करून गाडी आत-बाहेर करून दाखवायची. मिस्त्री 'पाड' म्हणाले की ती दांड्याला हातच लावत नसे. नुसती उभी राहायची. शेवटी त्यांनाच "हं, उतरव," म्हणावं लागायचं.

सतरा एप्रिलला साहेब सकाळच्या गाडीने आले. सहा उमेदवार. साहेबांनी टेबल पाहिलं आणि परीक्षा विसरून पंधरा मिनिटं त्याच्याभोवती फिरत राहिले. करंड्यांतली मोहरी बघितली, कुत्रा बघितला, गवताचे गठ्ठे बोटाने दाबून बघितले. "कोणी केलं हे?" त्यांनी विचारलं. मिस्त्रींनी सुनंदाचं नाव सांगितलं, बारकीचं सांगितलं, मग स्वतःचं. साहेब म्हणाले, "तुम्ही केबिनपाशी उभे राहा, मिस्त्री. उमेदवार सांगतील तसे दांडे ओढा."

निलमचा नंबर चौथा होता. पांढऱ्या साडीत आली, नमस्कार केला, उभी राहिली. साहेबांनी चार प्रश्न विचारले, तिने चारांचीही उत्तरं चोख दिली. मग साहेबांनी कागदावरून नजर उचलली. त्यांना तिचा चेहरा आठवला असावा, कारण ते जरा थांबले, आणि मग जास्तच मऊ आवाजात म्हणाले, "बरं, समज, होम सिग्नल पडलाय आणि गाडी बाहेर उभी आहे. काय करशील?"

"साहेब, उत्तर द्यायच्या आधी एक दाखवू?"

"दाखव."

"काका, होम ओढा."

मिस्त्रींनी दांडा ओढला. आठ फुटांवर टिनचा हात टक्कन खाली आला, हिरवी काच उजळली.

"आमच्याकडे ह्याला सिग्नल पडला म्हणतात, साहेब. माझे वडील असंच म्हणायचे. ह्याच्यावर गाडी आत येईल. काका, परत लावा." हात आडवा झाला. निलम टेबलाच्या त्या टोकाला गेली आणि दोन बोटांनी सिग्नलामागचा बल्ब उपटून काढला. "आणि हा सिग्नल बंद पडला. बंद सिग्नल म्हणजे बंदीच. गाडी बाहेरच थांबेल. मी पुढची लाईन मोकळी असल्याची खात्री करीन, ड्रायव्हरला लेखी परवानगी पाठवीन, आणि ती त्याच्या हातात पडल्याशिवाय चाक हलणार नाही. तुम्ही ह्यातलं कुठलं विचारता आहात?"

साहेब त्या बल्बाकडे बघत होते.

"मागच्या दोन्ही वेळेला मीच होतो," ते म्हणाले.

"हो साहेब."

"आणि तू दोन्ही वेळेला म्हणालीस की..."

"मी उत्तर बरोबर दिलं होतं, साहेब. फक्त ते तुमच्या प्रश्नाचं नव्हतं."

साहेबांना हसू आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. पण तेही काही कच्चे नव्हते. पुढे वाकून म्हणाले, "आणि उद्या तू ड्युटीवर असशील, केबिनमधून कोणी तरी फोनवर ओरडलं, सिग्नल पडला! समोर टेबल नाही, दाखवायला बल्ब नाही. मग?"

"गाडी हलणार नाही. आधी विचारीन, उतरला की बंद पडला. आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवीन, माझ्या ड्युटीत 'पडला' हा शब्द चालणार नाही. कोणी कितीही वर्षं वापरला असला तरी."

ते शेवटचं वाक्य म्हणताना तिने मिस्त्रींकडे पाहिलं नाही. पण ते कोणासाठी आहे हे त्यांना कळलं, आणि लागलंही. बावीस वर्षं ह्या स्टेशनात घुमलेला त्यांचा शब्द त्या पोरीने बारा फुटांच्या टेबलावरून कायमचा हाकलून दिला होता, आणि त्यांना असं वाटलं की उठून तिची पाठ थोपटावी.

"पास," साहेब म्हणाले. "लिहायचं ते मी मागाहून लिहितो. आता ही गाडी एकदा आत घेऊन दाखव, मला बघायची आहे."

निलम टेबलाच्या मधोमध उभी राहिली. दोन्ही लाईन नजरेने तपासल्या, सांधे तपासले, मग केबिनकडे वळली. आवाज अगदी स्टेशन मास्तरचा होता.

"होम सिग्नल उतरवा."

हुकूम मिळाला की तो मोठ्याने परत म्हणायचा, हा रेल्वेचा नियम. मिस्त्रींनी घसा साफ केला.

"होम सिग्नल उतरवतो, मॅडम," ते म्हणाले आणि त्यांनी दांडा ओढला.